सावकाशभाऊंनी निवडलेलं हॉटेल

सावकाशभाऊ हे नाव त्यांना डेपोतल्या लोकांनी ठेवलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली, आणि प्रत्येक थांब्यावर, उतरणारा माणूस म्हातारा असो की कॉलेजातला, मान मागे वळवून ते एकच वाक्य बोलायचे, "सावकाश उतरा." गाडीही तशीच हाकायचे. मागचा ट्रक पुढे निघून गेला तर त्याला हात दाखवून निरोप द्यायचे. डेपो मॅनेजर त्यांच्यावर वैतागायचे, पण लोक मात्र भाऊंची गाडी आहे का ते बघून तिकीट काढायचे.

त्यांचा मार्ग ठरलेला. दुपारी गावातून निघायचं, संध्याकाळी सातला शहराच्या डेपोत पोचायचं, तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी सहाची गाडी घेऊन परत यायचं. आठवड्यातून तीन वेळा. त्यामुळे शहर म्हटलं की गल्लीतल्या सगळ्यांना भाऊच आठवायचे. कुणाला शहरातला डॉक्टर गाठायचा असो, कुणाच्या मुलीचं कॉलेज बघायचं असो, "भाऊंना विचारा, त्यांना तिथली गल्ली न् गल्ली पाठ आहे," असं लोक बिनदिक्कत सांगायचे. भाऊही घसा खाकरून काहीतरी उत्तर द्यायचे.

सगळी गोम तिथेच होती. कारण त्या अवाढव्य शहरात भाऊंना डेपोचं फाटक, फाटकाबाहेरची चहाची टपरी आणि टपरीपुढचं बाकडं, याच्यापलीकडे काहीही ठाऊक नव्हतं.

असं होण्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी ते हौसेने शहर बघायला बाहेर पडले होते. दोन चौक ओलांडले, तिसऱ्या चौकात वळले आणि हरवले. सगळ्या इमारती सारख्या, सगळी दुकानं सारखी. ज्याला विचारावं त्याचं बोट वेगळ्या दिशेला. शेवटी डेपो सापडला तेव्हा सकाळची गाडी दुसऱ्याच ड्रायव्हरने नेली होती आणि भाऊंच्या नावाने मेमो तयार होता. ड्रायव्हर रस्ता चुकला, तोही पायी चालताना! ही गोष्ट त्यांनी मॅनेजरलासुद्धा सांगितली नाही, पोट बिघडलं होतं म्हणाले. आणि पुन्हा म्हणून कधी फाटकाबाहेर टपरीच्या पुढे गेले नाहीत.

पण घरी काय सांगायचं? लग्न नवं होतं. बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिच्या हातची काजं इतकी सुबक की सगळं गाव तिला काजबाई म्हणायचं. भाऊ मुक्कामाहून आले की काजबाई मशीन थांबवून विचारायच्या, "काय बघितलं काल?" चार खाटा आणि एक पंखा बघितला, असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्या दिवशी ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर एक शाळामास्तर बसले होते, त्यांनी वाटेत संग्रहालयाचं वर्णन केलं होतं. भाऊंनी ते जसंच्या तसं बायकोच्या ओंजळीत टाकलं. तीन मजली दालन, आणि छताला टांगलेला देवमाशाचा अख्खा सांगाडा. काजबाईंचे डोळे असे विस्फारले की भाऊ स्वतःच खूश झाले.

मग ती सवयच लागली. पुढच्या सीटवर कोण बसतंय यावर त्या आठवड्याचं शहर ठरायचं. एका नर्सने नदीवरच्या जुन्या पुलाची गोष्ट सांगितली, त्यावर संध्याकाळी एकेक करून दिवे लागतात म्हणे. एका रंगभूषाकाराने नाटकगृहाचा मखमली पडदा सांगितला. जेवताना भाऊ ते रंगवून सांगायचे. लेक लहान होती, ती घास तोंडात धरून ऐकायची. कुणाचं वाईट करतोय असं भाऊंना कधी वाटलंच नाही. उलट आपण घरच्यांसाठी काहीतरी आणतोय असंच वाटायचं.

भाऊ निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी काजबाईंनी विषय काढला. हातातली कैची खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, मला ते शहर दाखवा."

"कोणतं शहर?" भाऊंनी उगीच विचारलं.

"कोणतं म्हणजे? तुमचं. गुडघे चालतायत तोवर एकदा बघून येऊ. मग बसायचंच आहे घरात."

लेक दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिला फोनवर कळलं तशी ती आनंदाने ओरडलीच. "बाबा, मी सगळं बुक करते! फक्त हॉटेल तुम्ही सांगा. आईला फार चालायला लागायला नको, म्हणजे अगदी मध्यवस्तीतलं हवं. मी अकरा हॉटेलं पाठवते, त्यातलं एक निवडा. तुम्हाला तर तिथली माहिती आहेच."

"आहेच," भाऊ म्हणाले.

पुढचे तीन आठवडे भाऊंनी जी परवड भोगली ती त्यांची त्यांनाच माहीत. अकरा हॉटेलं, आणि अकराच्या अकरा म्हणत होती, आम्ही शहराच्या मधोमध आहोत. भाऊंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अकरा जण एकाच ठिकाणी मधोमध कसे बसतील? नकाशा उघडला तर लाल ठिपके सगळीकडे विखुरलेले, जणू कुणाला गोवर आलाय. बोटाने मोठा करायला गेले तर नकाशा सरकून भलत्याच गावात जायचा, आणि परत आणायला गेले की मगाचा ठिपका गायब.

लोकांचे अभिप्राय वाचून तर डोकं पार फिरलं. एकाच हॉटेलाबद्दल एक जण म्हणे, "अतिशय शांत, झोप छान लागली," आणि त्याच्याच खाली दुसरा, "रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही." एकीने लिहिलं होतं, "उशा फार मऊ," आणि ती तक्रार आहे की कौतुक, हे भाऊंना शेवटपर्यंत उमगलं नाही. त्यांनी कागदावर हॉटेलांची नावं लिहिली, एकेक खोडलं, सगळीच खोडली गेली तेव्हा पुन्हा नव्याने लिहिली.

शेवटी ते डबलबेलकडे गेले. डबलबेल म्हणजे त्यांचा जुना कंडक्टर. अठरा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते, आणि मुक्कामाच्या संध्याकाळी डबलबेल केसांना पाणी लावून "जरा मंडळींना भेटून येतो" म्हणून बाहेर पडायचा. त्याला नक्की माहीत असणार.

"मध्यवस्तीतलं हॉटेल?" डबलबेलने हनुवटी खाजवली. "घड्याळ चौकात एक आहे बघ. फार नावाजलेलं."

"नाव काय?"

"नाव... आता बदललं असेल."

"घड्याळ चौक पुलाकडून कुठल्या बाजूला येतो?"

डबलबेलने उठून दार लोटलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, कुणाला बोलू नकोस. डेपोच्या मागे थिएटर होतं ना, मी तिथे जाऊन बसायचो. सिनेमा लागलेला असो नसो. मंडळी-बिंडळी कुणी नव्हती. घड्याळ चौक मी पडद्यावर पाहिलाय, तोही याच शहरातला की दुसऱ्या, देव जाणे."

भाऊंना हसावं की रडावं कळेना. घरी पोचतात न पोचतात तोच लेकीचा फोन. "बाबा, आता उशीर नको, खोल्या भरत चालल्यात. मला पुलाजवळचं एक चांगलं वाटतंय. फक्त सांगा, पुलापासून संग्रहालय चालत किती लांब?"

काजबाई समोरच बसल्या होत्या, कान टवकारून.

"दहा मिनिटं," भाऊ म्हणाले.

"नक्की?"

"आईच्या चालीने बारा."

हे बारा कुठून आले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण लेकीने त्या बारा मिनिटांच्या भरवशावर हॉटेल पक्कं केलं.

लेकीने आईला पाय लांब करता यावेत म्हणून रेल्वेची तिकिटं काढली होती. त्यामुळे भाऊ शहरात उतरले ते आयुष्यात कधी न पाहिलेल्या स्टेशनावर. "ओळखीचं वाटतंय का हो?" काजबाईंनी कौतुकाने विचारलं. "बरंच बदललंय," भाऊ म्हणाले, आणि ते वाक्य इतकं उपयोगी निघालं की पुढच्या तासाभरात त्यांनी ते पाच वेळा वापरलं.

टॅक्सीने पंचवीस मिनिटं वळणं घेत त्यांना हॉटेलापाशी सोडलं. हॉटेल नवंकोरं, काचेचं, फरशी अशी गुळगुळीत की काजबाईंनी भाऊंचा दंडच धरला. खोली सहाव्या मजल्यावर. किल्लीऐवजी एक कार्ड दिलं होतं. ते दाराला लावल्यावर दार उघडलं, पण आत दिवा काही लागेना. भाऊंनी सगळी बटणं दाबली. अंधारात दोघं बॅगा धरून उभे राहिले. शेवटी जाणाऱ्या-येणाऱ्या एका बाईने ते कार्ड भिंतीतल्या फटीत खोचून दाखवलं, तेव्हा एकदम नऊ दिवे लागले, आणि त्यातला पलंगाखालचा काही केल्या विझेना.

काजबाईंनी हौसेने पडदा सरकवला. खिडकीसमोर सिमेंटचे अजस्र खांब, खांबांवर रस्ता आणि रस्त्यावर एकामागून एक मालाचे ट्रक.

"हाच का तो पूल?"

"बरंच बदललंय," भाऊ म्हणाले. या वेळी वाक्य काही फारसं चाललं नाही.

पाण्याची बाटली आणतो म्हणून भाऊ खाली सटकले. काउंटरवरच्या मुलीला त्यांनी हळूच विचारलं, "संग्रहालय इथून दहा मिनिटांवर आहे ना?"

तिने नकाशाचा कागद पसरला. "नाही सर, ते जुन्या मध्यवस्तीत. जुन्या पुलाजवळ. ही नवी मध्यवस्ती."

"म्हणजे शहराला मध्यं किती आहेत?"

"दोन," ती म्हणाली. मग प्रामाणिकपणे विचार करून, "काही लोक तीन म्हणतात."

तिने पेनाने दोन गोल काढून दिले. भाऊंनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. वर जाऊन सरळ सांगून टाकावं, असं लिफ्टमध्ये त्यांनी ठरवलंसुद्धा. पण दार उघडून बघतात तर काजबाई नवी साडी नेसून, केस विंचरून, पर्स खांद्याला लावून तयार. "चला," त्या म्हणाल्या, "बारा मिनिटंच ना? जेवणाआधी देवमासा बघून येऊ."

भाऊ निघाले. कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं. पहिल्या कोपऱ्यावर डावीकडे वळले, कारण तिकडे सावली होती. मग सरळ. मग एका औषधाच्या दुकानाशी उजवीकडे. बारा मिनिटं झाली, पंचवीस झाली. काजबाई अधूनमधून भिंतीला हात टेकवत होत्या. नकाशा खिशात टोचत होता, पण तो बायकोसमोर काढणं म्हणजे कबुलीजबाबच.

आणि तेवढ्यात त्यांना डिझेलचा वास आला. पाठोपाठ एक हॉर्न. तो आवाज त्यांच्या इतका ओळखीचा होता की पाय आपोआप तिकडे वळले. डोकं थांब म्हणत होतं, पाय ऐकत नव्हते. रस्ता वळला आणि समोर डेपोचं फाटक उभं राहिलं. फाटक तेच, टपरी तीच, फक्त बाकडं नव्या रंगाचं.

टपरीवरच्या चहावाल्या बाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि किटली खाली ठेवली. "अगं बाई, सावकाशभाऊ! गाडीशिवाय? आणि या वहिनी का? या या, बसा."

काजबाई बसल्या. गुडघे चोळत म्हणाल्या, "यांनी तुमचं कधी सांगितलं नाही. संग्रहालयाचं सांगितलं, नाटकाचं सांगितलं."

"कुठलं नाटक?" चहावाल्या बाई मोकळेपणाने हसल्या. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. "आम्ही म्हणून दमलो, भाऊ, जरा फिरून या, चार पावलांवर शहराची बस मिळते. पण हा माणूस या बाकड्यावरून हलेल तर शपथ! सात वाजता बसायचा, नऊला आत झोपायला. बत्तीस वर्षं. असा साधा माणूस बघितला नाही मी."

भाऊ चहाच्या कपाकडे बघत राहिले. कपात बुडी मारता आली असती तर त्यांनी मारली असती.

काजबाईंनी चहा संपवला. कप जागेवर ठेवला. मग म्हणाल्या, "झोपायची खोली दाखवता?"

फाटकावरचा वॉचमन भाऊंना ओळखत होता, त्याने सोडलं. खोलीत चार खाटा होत्या. एकीवर एक ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून झोपला होता. वर एक पंखा कुरकुरत फिरत होता. भिंतीला खिळे, खिळ्यांना शर्ट. काजबाई दारातच उभ्या राहिल्या.

"तुमची कोणती?"

"ती. कोपऱ्यातली."

त्यांनी ती खाट बराच वेळ पाहिली. भाऊंना वाटलं, आता यांचं मन विरघळेल. बिचारा माणूस, इतकी वर्षं अशा खोलीत काढली, असं काहीतरी म्हणतील. त्यांनी खाली मान घालून तयारीच ठेवली होती. पण बाहेर रस्त्यावर आल्यावर काजबाई जे बोलल्या त्याची भाऊंनी कधी कल्पनाच केली नव्हती.

"मी जळायचे तुमच्यावर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"जळायचे. आठवड्यातून तीन संध्याकाळी. तुम्ही पुलावर दिवे बघताय, पडदा बघताय, आणि मी घरी पोरींच्या गणवेशाची बटणं लावतेय. लेकीला ताप असला तरी वाटायचं, हा माणूस आता नाटक बघत असेल. तुम्ही येऊन रंगवून सांगायचात ना, मी 'अय्या, हो का' म्हणायचे, आणि आत नुसतं पेटायचं. एकदा तरी म्हणतील, चल तूही. एकदा तरी. कधी म्हणाला नाहीत."

"अगं, पण मी कसं म्हणणार? मलाच..."

"ते आता कळलं."

"मी तर तुझ्यासाठी..." भाऊंना खरोखरच काही समजेना. आपण जे घरी प्रेमाने आणत होतो ते तिथे पोचून दुसरंच काहीतरी होत होतं, आणि बत्तीस वर्षांत आपल्याला त्याचा पत्ता नाही? ताटावर बसून ती हसत होती ते काय होतं मग? चूक नेमकी कुठल्या चौकात झाली?

परतीची टॅक्सी काजबाईंनी थांबवली. खोलीत आल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. भाऊ पलंगाखालचा तो दिवा विझवायचा प्रयत्न करत राहिले, तेवढंच हाताला काम.

सकाळी उठल्या उठल्या काजबाई म्हणाल्या, "सामान उचला."

"घरी?" भाऊंनी घाबरून विचारलं.

"घरी कशाला? मी चार दिवसांसाठी आलेय. हॉटेल बदलायचंय."

त्यांनी लेकीला फोन लावला. भाऊ श्वास रोखून ऐकत होते. "हे रद्द कर. नाही, वाईट नाही, पण चुकीच्या मध्यात आहे. दुसरं मी बघते. बाबा? बाबा बरे आहेत. त्यांचं मी घरी आल्यावर सांगेन." मग काउंटरवरच्या मुलीकडून जुन्या मध्यवस्तीचा पत्ता कागदावर लिहून घेतला आणि टॅक्सीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

जुन्या मध्यवस्तीत रस्ते अरुंद होते आणि इमारती एकमेकींना खेटून. काजबाई एका हॉटेलात शिरल्या, भाऊ फूटपाथवर बॅगा राखत उभे. पाच मिनिटांत त्या बाहेर. "इथे सगळे कुजबुजत बोलतात. आपल्याला नाही जमायचं." दुसऱ्यातून तर दोनच मिनिटांत आल्या. "जिना. आणि लिफ्ट बंद, उद्या सुरू होईल म्हणतात." तिसऱ्यात मात्र वेळ लागला. भाऊ काळजीने आत डोकावले. तळमजल्यावरच्या एका खोलीत काजबाई पलंगावर बसून हलून बघत होत्या. मग त्यांनी चादरीची कड उलटून शिवण पाहिली, नळ सोडून पाण्याखाली मनगट धरलं, खिडकी उघडली आणि डोळे मिटून दोन मिनिटं नुसतं ऐकलं. हॉटेलचे म्हातारे मालक किल्ल्यांचा जुडगा हातात धरून परीक्षेला बसल्यासारखे उभे होते.

"हे चालेल," काजबाई म्हणाल्या.

भाऊ थक्क झाले. आपले तीन आठवडे गेले आणि ही बाई जन्मात पहिल्यांदा हॉटेल निवडायला निघून पाऊण तासात मोकळी. "तुला कसं कळलं गं?"

"उघडून बघितलं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नाही, ते भाऊंना ठरवता आलं नाही.

संग्रहालय तिथून खरोखरच जवळ होतं. दुपारी गेले. देवमाशाचा सांगाडा होता, पण टांगलेला नव्हता. लोखंडी पायांवर उभा होता, आणि दालन काही तीन मजली नव्हतं. तरीही भाऊ त्याच्या बरगड्यांखाली तोंड उघडं टाकून उभे राहिले. इतक्या वर्षांत इतक्या वेळा वर्णन केलेली वस्तू ते पहिल्यांदा पाहत होते.

"टांगलेला म्हणाला होतात," काजबाई म्हणाल्या.

"मास्तरांनी तसंच सांगितलं होतं. जाड चष्म्याचे होते. त्यांनी तरी बघितला होता की नाही कोण जाणे."

काजबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "आणि पूल?"

"पूल एका नर्सने. तिची बदली झाली होती, रडत होती वाटेत."

"पडदा?"

"तो रंगभूषावाला. त्याच्या नखांत लाल रंग असायचा."

काजबाई एकेक विचारत गेल्या आणि भाऊ एकेक माणूस सांगत गेले. बाकावर बसून ते तासभर बोलले. गंमत म्हणजे ही माणसं भाऊंना अगदी स्पष्ट आठवत होती, आणि त्यांच्याबद्दल त्यांनी घरी कधी चकार शब्द काढला नव्हता. काजबाई ऐकत होत्या. हसल्या नाहीत, पण उठल्याही नाहीत. याचा अर्थ काय लावायचा, हा नवाच घोळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी काजबाई म्हणाल्या, "मी जरा जाऊन येते. तुम्ही बसा."

"एकटी? कुठे?"

"माहीत नाही."

त्या गेल्या. भाऊ खोलीत बसले, मग दारात, मग मालकांच्या टेबलाशी. अकरा वाजले, बारा वाजले. मालक म्हणाले, "येतील हो." भाऊंना वाटलं, ती हरवली असेल. मग वाटलं, ती रागावून गावी गेली असेल. मग वाटलं, शोधायला जावं, पण गेलो तर हरवायचा मीच, आणि ती मला शोधत बसायची. फाटकाबाहेर न पडण्याचं हे दुसरंच रूप होतं. फरक एवढाच की आता वाट बघणारे ते होते. तीन तास त्यांनी काढले, आणि ती वर्षानुवर्षांच्या संध्याकाळी कशा काढत असेल, हा विचार त्यांच्या मनात आला तेव्हा ते खुर्चीत नीट बसूही शकेनात.

दीड वाजता काजबाई आल्या. केस विस्कटलेले, नाक उन्हाने लाल, चपलांना गवत चिकटलेलं.

"पाणी द्या आधी," त्या म्हणाल्या. ग्लास रिकामा करून धप्पकन बसल्या आणि हसायला लागल्या. "चुकीची बस घेतली. कंडक्टर म्हणाला, शेवटच्या थांब्यापर्यंत बसा, परत हीच गाडी येते. शेवटचा थांबा कुठे असेल? विमानतळाची मागची बाजू! नुसतं कुंपण आणि गवत. आणि लोक डबे घेऊन, चटया टाकून बसलेत. विमानं बघायला! अहो, डोक्यावरून जातं. हात वर केला तर लागेल असं वाटतं. पोटाखालची चाकं दिसतात, आपल्या गाडीच्या चाकाएवढीच आहेत."

"इतकी छोटी?"

"मग काय सांगतेय! उद्या चला. तुम्हीच बघा."

बत्तीस वर्षांत आपण कधीच न म्हटलेलं वाक्य एवढ्या सहज कानावर पडलं की भाऊ नुसतं "बरं" म्हणाले. मागाहून त्यांना वाटलं, आपण आणखी काहीतरी बोलायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी दोघं शेवटच्या थांब्यावर उतरले. उतरताना भाऊंनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, पण काजबाई सरळ कुंपणाकडे चालायला लागल्या होत्या. गवत ओलसर होतं. मालकांनी दिलेली जुनी चादर अंथरून ते बसले. शेजारी एक म्हातारा दुर्बीण घेऊन बसला होता, पलीकडे दोन बहिणी विमानांचे नंबर वहीत उतरवत होत्या. लांबवर आकाशात एक ठिपका दिसला, मोठा झाला, आणि बघता बघता कानठळ्या बसवत डोक्यावर आला. भाऊंनी नकळत डोळे मिटून मान खाली घातली. चाकं त्यांना दिसलीच नाहीत. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवायचे, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसरं विमान अगदी वर असताना काजबाई त्यांच्याकडे वळल्या आणि काहीतरी बोलल्या. लांबलचक, दोन-तीन वाक्यं असावीत. ओठ हलताना दिसत होते, चेहरा गंभीर होता, पण शब्द एकही पोचला नाही.

"काय म्हणालीस?" आवाज ओसरल्यावर भाऊंनी विचारलं.

"काही नाही. म्हटलं, अकराची बस चुकेल."

एवढं बोलायला एवढा वेळ लागत नाही, हे भाऊंना कळत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं ना," आणि पिशवीतून डबा काढून त्यांच्यासमोर धरला. भाऊंनी डबा घेतला. बस सुटायला अजून सव्वा तास होता.